डोकी मारलेली कलमं: घराभोवतीच्या छाटणीच्या प्रकल्प नोंदी, २०२५

१८ जानेवारी, शनिवार

काल रात्री पुण्याहून पोचलो. आजचा दिवस फक्त बघण्याचा. कोयत्याला हात लावायचा नाही, असं ठरवूनच सकाळी वहीपेन्सिल घेऊन बाहेर पडलो.

घराला लागून चौदा झाडं. हापूसची तीन कलमं, त्यातलं एक पडवीच्या पाखीवर, म्हणजे उतरत्या छपरावर, ओणवलेलं. विहिरीजवळ फणस, मागच्या दारी रायवळ आंबा, दोन रातांबे (कोकम), चार माड, लिंबू, शेवगा आणि बकुळ. जास्वंद नि कढीपत्ता मोजले नाहीत.

हे काम काढायचं कारण ३ जून २०२०. निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं श्रीवर्धनच्या बाजूला, पण दापोली तालुक्याचा आमचा हा पट्टाही त्याने सोलून काढला. आमचे दोन माड आणि एक कलम मुळासकट गेलं, अर्ध्या घराची कौलं उडाली. उरलेल्या झाडांची काकाला इतकी धास्ती बसली की महिन्याच्या आत मशीनवाली माणसं बोलावून त्याने तिन्ही कलमांची डोकी मारून घेतली. बारा फुटांवर सरळ आडवा काप, विजेच्या खांबासारखा. मी तेव्हा टाळेबंदीत पुण्याला अडकलेलो. काकाने फोनवर विचारलं तेव्हा “हो, काढून टाक, कटकट नको” म्हणालो होतो. म्हणजे दोष वाटून घ्यायचा तर अर्धा माझा.

आता साडेचार वर्षांनी प्रत्येक थोट्याच्या कडेने दहा-बारा फुटवे सरळ आभाळाकडे गेलेत. मनगटाएवढे, काही दंडाएवढे. खालून बघितलं तर झाड हिरवंगार, दाट. काका खूश. “बघ, आधी एवढं दाट होतं का?”

नव्हतं. तीच तर अडचण आहे.


१९ जानेवारी

शिडी लावून पाखीवरच्या कलमाचं थोटं जवळून पाहिलं. मधला भाग काळा, बोटाने दाबला तर भुसभुशीत. स्क्रू ड्रायव्हर चार इंच आत गेला. पावसाचं पाणी तिथे वाटीसारखं साचत असणार. एका बाजूला भोक आणि भोकाखाली लाकडाचा ताजा भुसा, म्हणजे भिरूड. खोडकिड्याची मादी जखमेत, सालीच्या फटीत अंडी घालते आणि अळी आतून पोखरत जाते. सायकलच्या तारेचा आकडा करून आत घातला. तिसऱ्या खेपेला अळी निघाली, करंगळीएवढी, पांढरट. भोक चिखलाने लिंपलं.

फुटव्यांचं गणित वहीत लिहून ठेवतो, म्हणजे काकाशी वाद घालताना विसरायला नको. नेहमीची फांदी झाडाबरोबर वाढते. तिचं बूड खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षं थरावर थर बसून रुतलेलं असतं. डोकं मारल्यावर सालीखालचे झोपलेले डोळे जागे होतात. त्यातून निघालेला फुटवा फक्त वरच्या नव्या थरांना धरून असतो. खाली लाकूड कुजतंय, वर फुटवा दरवर्षी जड होतोय. पुढच्या वादळात पहिल्यांदा हेच सुटणार, आणि या कलमाचे सुटले तर पडवीवरच येणार. वादळाच्या भीतीने केलेल्या कापातून वादळात पडणाऱ्या फांद्या तयार झाल्या.

मोहोर आलाय, त्यामुळे आंब्याला आत्ता काही करायचं नाही. फक्त वाळलेल्या काटक्या काढल्या. वाळलेलं लाकूड कधीही काढावं, त्याला मुहूर्त नसतो.


१५ फेब्रुवारी

रायवळावर पाच बांडगुळं. पानं आंब्यासारखीच लांबट असल्यामुळे लांबून ओळखू येत नाहीत. लालसर फुलं आली की कळतं. फुलटोच्या पक्षी याची फळं खातो, बी चिकट असतं, ते फांदीला पुसलं जातं आणि तिथेच रुजतं. नुसतं ओढून काढलं तर फांदीच्या आत शिरलेला भाग पुन्हा फुटतो. म्हणून चिकटलेल्या गाठीच्या खाली हातभर अंतर सोडून फांदीच कापायची. तीन काढली. दोन इतकी उंचावर आहेत की माझी शिडी पुरत नाही आणि माझं धाडसही.

खालच्या वाडीतली दोन झाडं याच बांडगुळांनी वठलेली दिसतात. आपण आपलं काढलं तरी पक्ष्याला गडग्याची हद्द कुठे ठाऊक.


१५ मार्च

शिमग्याला आलो. पालखी घरी येऊन गेली, पाहुणे पांगले, दुपारी लिंबाकडे वळलो.

लिंबू बघून हसूच आलं. गेली दोन वर्षं काका म्हणतोय, झाड जोरात आहे पण लिंबू धरत नाही. जोर सगळा कलमाच्या सांध्याखालून आलेल्या तीन फुटव्यांचा. लांब काटे, पानं वेगळी. हे मूळ खुंटाचं झाड, वर बांधलेलं लिंबू त्याच्या सावलीत केविलवाणं उभं. विदर्भातले संत्रावाले अशा सरळसोट फोफावणाऱ्या फुटव्यांना पानसोट म्हणतात. शब्द मला फार आवडतो. तिन्ही बुडाशी माती उकरून, खोडालगत काढले. आत एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्या होत्या, त्यातली बारीक काढली. बाकी काही नाही. हातावर ओरखडे सतरा.

संध्याकाळी गड्याशी मे महिन्याच्या कामाचं बोलणं केलं. त्याचा हात कोयत्याला सरावलेला आहे आणि तो का, हे आज त्याच्याशी बोलताना कळलं. लहानपणापासून तो डोंगरात कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडतोय. भाताच्या दाढीत (रोपं करायच्या जागेत) भाजवळ करायला, म्हणजे पाला जाळून जमीन भाजायला, ऐन, किंजळ या झाडांच्या फांद्या दरवर्षी उतरवतात. एका घावात फांदी खाली, दुसऱ्या घावात पुढची. ऐनाला ते सोसतं. कापलं की तो पुन्हा फुटतो, आणि शेतकऱ्याला त्याच्याकडून पाला नि काटक्या एवढंच हवं असतं. तिथे कोयता बरोबर आहे. घराच्या पाखीवरचा आंबा मात्र पाल्यासाठी लावलेला नाही. त्याने साठ वर्षं उभं राहावं, त्याच्याखाली माणसं झोपावीत, अशी अपेक्षा आहे.

हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “दादा, मंग करवत तुमीच आना.” चोख उत्तर.


१ मे

दापोलीहून नवी वाकडी करवत आणि पुण्याहून सिकेटर (छाटणीची कात्री) आणलं. कलमांचे आंबे जवळपास उतरवून झाले.

आज गेरूचं काम. कुठली फांदी काढायची ते खालून ठरवून, वर जाऊन गेरूचा पट्टा मारायचा. कापताना डोकं चालवायचं नाही, ते आजच चालवून घ्यायचं.

पाखीवरच्या कलमाला मुख्य थोट्यावर अकरा फुटवे. त्यातले चांगली पकड असलेले, बाहेरच्या अंगाला झुकलेले तीन ठेवणार. चार यंदा काढणार, उरलेले चार फक्त आखूड करणार आणि पुढच्या दोन वर्षांत काढणार. सगळे एकदम काढले तर पानं कमी पडून झाड पुन्हा घाबरून तसेच फुटवे काढेल. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पालवी जाऊ द्यायची नाही, हा माझा नियम. काकाच्या मते ही “हप्त्याने छाटणी”.

शिवाय बुडातून एक वेगळाच सोट आलेला. त्याला यंदा आंबे धरले होते. काका म्हणतो, “हापूस लहान झालाय पाण्याअभावी.” एक खाऊन पाहिला. बिटकी! केसाळ, आंबटगोड, रस भरपूर. सांध्याखालचा खुंट आपलं खरं नाव सांगत होता. तो जाणार. काकाच्या नातवंडांनी मात्र त्या बिटक्यांसाठी रदबदली केली. एक पाटी भरून काढून दिल्या.

फणसाला काहीच करायचं नाही असं ठरलं. काका दरवर्षी खोडावरचे आखूड खुंट “स्वच्छ” करतो. फणस धरतो तो त्या खोडावरच्या आखूड फुटव्यांनाच. स्वच्छतेच्या नादात किती फणस गेले असतील, असं म्हणालो तर काका गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “तरी म्हटलं.”


१७ मे, शनिवार

आज नुकसान केलं.

पहिलीच फांदी, पाखीपासून लांब, म्हणून दोर न बांधता घेतली. गड्याने सवयीने वरून करवत लावली. अर्ध्यापर्यंत गेली नाही तोच फांदी स्वतःच्या वजनाने खाली बसली आणि जाताना खालची साल खोडावर दोन-अडीच फूट सोलत घेऊन गेली. केळीचं सोपट निघावं तसा आवाज. फांदी गडग्यावर आपटली, तिथून उडालेला तुकडा न्हाणीच्या छपरावर. कौलं फुटली सहा.

गडी बोलला काही नाही. मीही नाही. सांगायचं काम माझं होतं, मी त्याला फक्त “इथे काप” एवढंच सांगितलं होतं. सुटलेल्या सालीच्या चिंध्या धारदार चाकूने काढल्या, कडा साफ केल्या. एवढी मोठी जखम भरायला किती वर्षं लागतील ते झाडच जाणे.

दुपारनंतर पुन्हा सुरुवात केली, तीन कापांनी. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन इंच पुढे, आरपार. फांदी तुटते आणि साल सोलत आली तरी खालच्या कापाशी थांबते. मग उरलेलं फूटभराचं बिनवजनाचं खुंट तिसऱ्या कापात निवांत काढायचं.

तिसरा काप कुठे, ही सगळी मेख. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी फुगीर कडं असतं आणि वरच्या बगलेत सालीची सुरकुती. ते कडं खोडाचं, फांदीचं नव्हे. काप कड्याच्या अगदी बाहेरून द्यायचा. कडं कापलं तर खोडालाच जखम होते. हात-दोन हात खुंट ठेवलं तर ते वाळतं, कुजतं आणि कूज आत नेतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. झाड आपल्या जखमेसारखी जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती आत भिंती उभ्या करून त्याला कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. फांदीतून खोडात शिरणारी कूज अडवणारी भिंत त्या कड्यापाशी असते.

गड्याने तिसऱ्या फांदीपासून कडं स्वतः बोटाने चाचपून दाखवायला सुरुवात केली. “ह्यो घोटा नाय का?” घोटा! माझ्या ‘कडं’पेक्षा हा शब्द कितीतरी बरा. यापुढे नोंदीत घोटाच.


१८ मे

आज चिकाने माझं मनगट उतलं. बाह्या दुमडायच्या नाहीत हे दर वर्षी नव्याने शिकतो.

एक फांदी सोडून दिली. ओंबिलाचं (लाल मुंग्यांचं) घरटं होतं म्हणून नाही, ते गड्याने राख टाकून हलवलं. त्याच्या वर बुलबुलाचं घरटं होतं, पिलं चोची उघडून बसलेली. गेरूचा पट्टा तसाच राहिला.

संध्याकाळी बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात, मग दोन्ही एकत्र. प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको. जमलं का बघायला त्यात विळ्याचं पातं बुडवलं. तांबूस थर चढला, म्हणजे मोरचूद मोकळं राहिलं होतं. आणखी मूठभर चुना, पुन्हा पातं, आता स्वच्छ.

यावर माझ्याच मनात दोन पक्ष आहेत. शायगोंचं म्हणणं स्पष्ट होतं की जखमेवर काही फासल्याने कूज थांबत नाही. आमच्याकडे मात्र आंब्याच्या मोठ्या कापाला बोर्डो लावायला कृषी विद्यापीठवाले सांगतात, आणि महिनाभरात कोकणचा पाऊस त्या ओल्या लाकडावर बसणार आहे, हेही खरं. मी लावली, मोठ्या कापांना. डांबर मात्र लावू दिलं नाही. डांबराखाली ओल कोंडते. काकाने अर्धा डबा जपून ठेवला होता, २०२० चाच. तो गोठ्याच्या दाराला लावू म्हटलं.

छाटल्यामुळे ज्या जाड फांद्यांवर अचानक ऊन आलंय त्यांना चुन्याचा हात दिला. सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते आणि फाटते.


१९ मे

आजची फांदी पाखीच्या बरोबर वर. एकच, पण सकाळी सातपासून अकरापर्यंत. दोर वरच्या पक्क्या बेचक्यातून टाकला, एक टोक फांदीला, दुसऱ्याला खोडाभोवती तीन वेढे देऊन मी धरून. वेढ्यांमुळे वजन खोड पेलतं, माणसाने नुसतं सैल सोडत जायचं. फांदी तुकड्यातुकड्याने घेतली, टोकाकडून बुडाकडे. पाच तुकडे. एकही कौल फुटलं नाही.

काका खळ्यात खुर्ची टाकून बसला होता. शेवटचा तुकडा खाली टेकल्यावर म्हणाला, “त्या वेळी वीस मिनिटांत तिन्ही कलमं झाली होती.”


२१ मे

पाऊस. वळवाच्या सरी म्हणाव्यात तर रात्रभर थांबल्या नाहीत. करवत पुसून, तेल लावून ठेवली. तिसरं कलम राहिलं. ओल्या सालीवर पाय ठरत नाही, आणि भर पावसात मोठा काप उघडा टाकायचा नाही.


२६ मे

मान्सून आज मुंबईत, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, निम्मी कामं अंगावर घेऊन सगळं गाव धावतंय. लाकडं भिजली, शेणी भिजल्या. आमच्या छाटलेल्या फांद्या खळ्यातच राहिल्या होत्या. परत पुण्याला.


२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या तयारीला आलो. पावसाची उघडीप होती.

कापांच्या कडेने पालवीचे झुबके. एका कापाशी नऊ कोंब मोजले. ते कोवळे आहेत तोवर बोटाने मोडायचे, कात्रीसुद्धा लागत नाही. हेच पुढच्या वर्षी राहिले असते तर करवत लागली असती. दोन ठेवून बाकी मोडले. वीस मिनिटांचं काम.

सतरा मेच्या सोललेल्या खोडावर कडेने नव्या लाकडाची किनार आली आहे, पण खालचा भाग काळपट. लक्ष ठेवायचं.

पाडेली (नारळ पाडणारा) आला होता. त्याला दर वर्षीप्रमाणे माड “साफ” करायचा होता, म्हणजे हिरव्या झावळ्यांसकट. थांबवला. माडाला महिन्याला साधारण एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा. हिरवी झावळी कापली की त्या पोयीचा आधारही गेला आणि अन्नही. शिवाय ताज्या जखमेच्या वासाला सोंड्या भुंगा येतो. माडाला शेंडा एकच, आंब्यासारखं दुसरीकडून फुटणं त्याच्या नशिबात नाही. वाळलेल्या आणि लोंबणाऱ्या तेवढ्याच काढ, म्हटलं. पैसे पूर्ण दिले, तेव्हा कुठे त्याला पटलं.

शेवग्याची मोठी फांदी जुलैत आपोआप मोडून पडली होती. लाकूडच ठिसूळ. तो छातीएवढा ठेवून कापला, त्याला चालतं. सगळ्या वर्षात कोयता मनसोक्त चालवायला मिळाला तो एवढाच. गडी खूश.


१९ ऑक्टोबर

दिवाळीचे फराळाचे डबे घेऊन आलो. पाखीवरच्या कलमाखाली सकाळी नऊला जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. पूर्वी तिथे शेवाळ असायचं. पडवीतली ओलही कमी वाटली, पण यंदा पाऊस लवकर सुरू झालेला, त्यामुळे तुलना नीट होत नाही.

१८ मेच्या कापांपैकी घोट्यालगतचे सहाही गोलाकार भरत आलेत, कडेने सगळीकडून सारखी किनार. त्या दिवशी एक काप थोडा तिरका, घोटा चिरून गेला होता. तिथे वरची बाजू भरतेय, खालची नाही. मुद्दाम काकाला शिडीखाली उभं करून फोनवरचे दोन्ही फोटो दाखवले. त्याने चष्मा काढून, लावून पाहिले.

शेजारच्या वाडीतून निरोप आला आहे. त्यांचा जुना आंबा तोडायचा म्हणतात, वादळात घरावर पडेल म्हणून. आंबा, फणस, जांभूळ ही १९६४ च्या झाडतोड कायद्यातली झाडं, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे सांगितलं. त्याआधी एकदा येऊन बघून जातो, असंही सांगून ठेवलं.

पुढच्या मेची यादी: तिसरं कलम पूर्ण. बुलबुलाची राहिलेली फांदी. रायवळावरची उंच बांडगुळं, शिडीवाला माणूस शोधून. आखूड केलेल्या चारांपैकी दोन फुटवे.

यादी वाचून दाखवली तर काका उठून गेला आणि गेरूचा डबा घेऊन आला. म्हणाला, तिसऱ्या कलमावर त्याने गेल्या आठवड्यातच गड्याकडून पट्टे मारून घेतलेत. बघायला गेलो. पाच पट्टे, त्यातले चार मीही मारले असते तिथेच. पाचवा मात्र बाहेरच्या अंगाच्या, चांगल्या पकडीच्या फुटव्यावर, जो मी ठेवणार होतो. काकाचं म्हणणं, तो विहिरीवर जातो, पानं पाण्यात पडतात. उद्या सकाळी मी शिडीवर आणि तो खाली काठी घेऊन, असं ठरलंय.